एकाच वर्षी जन्मलेले दोन वाद्यवृंद

बीबी का मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत त्यांच्याकडे फारसं कोणी वळत नाही. तिथल्या सातव्या लेण्यात गाभाऱ्यात शिरलं की डाव्या भिंतीवर एक नर्तकी दिसते. शरीर तीन ठिकाणी लवलेलं, एक हात कमरेशी. तिच्या दोन्ही बाजूंना वादिका बसल्या आहेत. कोणी बासरी ओठाला लावली आहे, कोणाचे हात चामड्यावर आहेत, कोणी टाळ धरले आहेत. हे शिल्प सहाव्या-सातव्या शतकातलं. मी ते कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी नर्तकीपेक्षा त्या बसलेल्या बायकांकडेच माझी नजर जास्त रेंगाळते. प्रत्येकीचं वाद्य वेगळं आणि तरी सगळ्यांचं लक्ष एकाच जागी. दगडातसुद्धा त्यांनी एकमेकींचं ऐकणं सोडलेलं नाही.

औरंगाबाद शहरापासून पंधराएक किलोमीटरवर देवगिरी. तिथे यादव राजा सिंघण याच्या दरबारात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा ज्याला आपला ग्रंथ मानतात असा हा ग्रंथ आपल्या पंचक्रोशीत घडला. शार्ङ्गदेवाचं घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत राहिले. शार्ङ्गदेव स्वतः दरबाराच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याला वैद्यकही येत होतं. पण जमाखर्च हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी.

कारण या हिशेबनीसाने वृंद किती माणसांचा असावा याचा आकडा दिला आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले: एकूण बत्तीस. त्याच्या निम्मा तो मध्यम वृंद. उत्तमाहूनही मोठा झाला तर त्याला नाव ‘कोलाहल’. पुढे तो वृंदाचे सहा गुण सांगतो. मुख्याच्या मागे जाणं, सगळ्यांचा मेळ बसणं, ताल आणि लय न सोडणं, तिन्ही सप्तकांत पोचण्याची ताकद, आवाजांचं सारखेपण. सहावा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो: एखाद्याचं तुटलं तर दुसऱ्याने ते सांभाळून घेणं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या किल्ल्यात बसून एका माणसाने समूहाने वाजवण्याचं मर्म इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवलं आहे.

मराठीत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की डोळ्यांपुढे गणपतीतला मांडव येतो. चकचकीत कोट घातलेला निवेदक, कॉंगो-बोंगो, सिंथेसायझर आणि किशोरकुमारच्या आवाजात गाणारा कोणी तरुण. मीही याच ऑर्केस्ट्रांसमोर सतरंजीवर बसून मोठा झालो आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण या शब्दामागे आपल्याच राज्यात घडलेला एक दुसरा इतिहास आहे. तो मुंबईतला आहे, आणि तो सांगताना मला पोलंडची आठवण काढावी लागते. कारण १९३५ या एकाच वर्षी दोन वाद्यवृंद जन्माला आले. एक मुंबईत, एक वॉर्सात.

मुंबईतला वाद्यवृंद काढला मेहली मेहता नावाच्या सत्तावीस वर्षांच्या पारशी व्हायोलिनवादकाने. जन्म १९०८चा. मुंबई विद्यापीठाचा पदवीधर, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची परीक्षा दिलेला. ध्यास एकच होता. बेथोव्हन, मोझार्ट, ब्राम्स हे जे आपण तबकड्यांवर ऐकतो, ते आपल्या शहरात, आपल्या माणसांनी, समोर बसून वाजवलं पाहिजे. त्याने ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. पहिली दहा वर्षं तो पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर होता, नंतरची दहा वर्षं संचालकाच्या जागी. मधल्या काळात, १९४० साली, त्याने चार जणांचं ‘बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट’ही काढलं.

मोठी सिम्फनी वाजवायची तर सत्तर ते शंभर माणसं लागतात. ती मुंबईत कुठून आली?

निम्मा वाद्यवृंद गोव्याने पुरवला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून गावोगावच्या चर्चला जोडून शाळा काढल्या होत्या. तिथे मुलांना प्रार्थनेसाठी गाणं शिकवत, व्हायोलिन शिकवत, आणि मुख्य म्हणजे स्वरलिपी वाचायला शिकवत. कागदावर लिहिलेलं पाहून, आधी कधी न ऐकलेलं संगीत वाजवता येणं हे कसब त्या काळी भारतात फार थोड्यांकडे होतं. गोव्यातल्या शेतकऱ्याच्या, सुताराच्या मुलाकडे ते होतं. गोव्यात त्या कसबाला भाव नव्हता, म्हणून ही मुलं मुंबईची वाट धरत. पलटणींच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या बँडमध्ये, हॉटेलांत आणि मूकपटांच्या थिएटरात ती वाजवत. पडद्यावर चित्र चाललेलं असताना खाली बसून व्हायोलिन-पियानो वाजवणाऱ्यांत गोवेकरांचा मोठा भरणा होता. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलू लागला, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांची रोजीरोटी एका फटक्यात गेली.

उरलेली माणसं पारशी आणि युरोपियन हौशी मंडळींतून आली. दिवसा बँकेत, पेढीवर, कचेरीत काम करायचं आणि संध्याकाळी व्हायोलिनची पेटी उचलून तालमीला यायचं. फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधले वादक बोलवत. कार्यक्रम कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत. आज तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तालमी मेहतांच्या घरी चालायच्या. १९३६च्या एप्रिलमध्ये त्या घरात एक मुलगा जन्मला. चालायला-बोलायला लागायच्या आधीपासून त्याच्या कानावर व्हायोलिनांचे घोळके पडत होते. त्याचं नाव झुबिन.

याच सुमारास युरोपातून पळून आलेले काही यहुदी वादक मुंबईत पोचले. त्यांतला मोठा माणूस म्हणजे वॉल्टर काउफमान. बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतली दारं बंद झाली, तेव्हा तो १९३४ साली मुंबईत आला. इथे त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली, भारतीय संगीताचा मनापासून अभ्यास केला, आणि १९३७पासून १९४६पर्यंत मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. पहाटे आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्यावर जी व्हायोलिनची धून वाजते, जी ऐकून आमच्या घरात चुलीवर चहाचं आधण पडायचं, ती शिवरंजनीची धून काउफमानची. तिच्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगतात. मराठवाड्यातल्या ज्या गावांत सिम्फनी हा शब्द कधी पोचला नाही, तिथे त्या वाद्यवृंदाचा स्वर रोज सकाळी पोचत होता.

आता वॉर्सा.

पोलंड तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचं स्वतंत्र राष्ट्र होतं. १७९५पासून १९१८पर्यंत तो देश नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता. या काळात पोलिश माणसाने आपली भाषा आणि आपलं संगीत उराशी धरून ठेवलं. वॉर्सात रशियन झारचा अंमल असताना, ५ नोव्हेंबर १९०१ रोजी, लोकांनी उभारलेल्या पैशातून वॉर्सा फिलहार्मोनिकचं भव्य सभागृह उघडलं. संचालक होते एमिल म्विनार्स्की, पियानोवर इग्नात्सी पादेरेव्स्की. हाच पादेरेव्स्की पुढे १९१९ साली स्वतंत्र पोलंडचा पंतप्रधान झाला. सार्वजनिक गणेशोत्सवातून आपल्याकडे जे चाललं होतं, त्याची सख्खी भावंडं जगात इतरत्रही होती, हे अशा वेळी जाणवतं.

१९३५ साली पोलिश रेडिओने स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद काढला. तो ग्झेगोश फिटेलबर्ग या संचालकाने उभारला. मुंबईच्या वाद्यवृंदाशी त्याची तुलना करताना एकच फरक आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. फिटेलबर्गचे वादक रेडिओचे नोकर होते. महिना भरला की पगार. सकाळी तालमीला यायचं, ते त्यांचं कामच होतं. मेहली मेहतांचे वादक कार्यक्रमापुरते जमायचे आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या पोटाच्या मागे लागायचे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक तरुण पियानोवादक पोलिश रेडिओत नोकरीला लागला. व्लादिस्लाव श्पिलमान. ‘द पियानिस्ट’ हा २००२चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १९३९ला, जर्मन तोफांचा मारा चालू असताना, त्याने रेडिओवरून शोपँ वाजवला. त्याच दिवशी वॉर्सा रेडिओ बंद पडला. रेडिओचा वाद्यवृंद मोडला. फिलहार्मोनिकचं सभागृह त्याच महिन्यात बाँबगोळ्यांनी जळालं. फिटेलबर्ग देश सोडून गेला; युरोप, मग अमेरिका खंड अशी त्याची फरफट झाली.

पुढची सहा वर्षं नीट सांगायची तर वेगळा ग्रंथ लागेल. जर्मनांनी पोलिश संगीताच्या मैफली बंद केल्या. वादक उपाहारगृहांत, घरांत लपूनछपून वाजवत राहिले. वॉर्साच्या गेटोत, म्हणजे यहुद्यांना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीत, उपासमार आणि साथीचे रोग चालू असताना लोकांनी सिम्फनी वाद्यवृंद चालवला. १९४० ते १९४२ अशी दोन वर्षंही त्याला पुरती मिळाली नाहीत. जर्मन संगीतकारांच्या रचना यहुद्यांनी वाजवायच्या नाहीत, या कारणावरून तो बंद पाडला गेला. त्यातले बहुतेक वादक पुढे त्रेब्लिंकाच्या छावणीत मारले गेले. वॉर्सा फिलहार्मोनिकचे सुमारे निम्मे सदस्य युद्धात गेले.

आणि हे चालू असताना काही पोलिश माणसं आपल्या महाराष्ट्रात होती. सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांतले जे वाचले, त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी तिथे शाळा चालवल्या, चर्च बांधलं, नाटकं केली, गायनवृंद उभा केला. १९४८च्या सुमारास ती छावणी उठली. एका पोलिश मुलीने मात्र कोल्हापुरात लग्न केलं आणि ती इथलीच होऊन राहिली. आज पोलंडमधून येणारे पाहुणे त्या मातीला नमस्कार करायला कोल्हापूरला येतात. पोलंडच्या सगळ्यात काळ्या दिवसांत पंचगंगेच्या काठी पोलिश भाषेत गाणी म्हटली जात होती, ही गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी असं मला वाटतं.

मार्च १९४५. युरोपातलं युद्ध संपायला अजून दोन महिने होते. वॉर्सा म्हणजे विटांचा ढिगारा. दक्षिणेला कातोवित्से हे कोळशाच्या खाणींचं शहर त्यामानाने वाचलं होतं. तिथे विटोल्ड रोविट्स्की या एकतीस वर्षांच्या संचालकाने वाचलेले वादक गोळा केले आणि रेडिओचा वाद्यवृंद पुन्हा सुरू केला. शहर बदललं, निम्मी माणसं नवी, वाद्यं कुठून कुठून जमवलेली. पण तो नवा वाद्यवृंद ठरला नाही, १९३५चाच राहिला. कारण रेडिओ पुन्हा उभा राहिला होता आणि त्याने या माणसांना पुन्हा पगारावर घेतलं होतं. १९४७ला फिटेलबर्ग परतला आणि १९५३ला मरेपर्यंत त्याने हाच वाद्यवृंद चालवला. ज्या देशात घरांना छपरं नव्हती, त्या देशाने सिम्फनीवर खर्च केला. नवं सरकार कम्युनिस्ट होतं, कलावंतांवर त्याचा जाच होता, हेही खरं. तरी त्या पगारपत्रकाने वाद्यवृंद वाचवला.

मुंबईवर एकही बाँब पडला नव्हता.

मुंबईत झालं ते हळूहळू झालं. १९४५ला मेहली मेहता न्यूयॉर्कला गेले, इव्हान गलामियन या मोठ्या गुरूकडे शिकले, परत आले. १९४७ला स्वातंत्र्य मिळालं. इंग्रज निघाले, त्यांच्याबरोबर वाद्यवृंदातले काही वादक आणि मैफलीचे बरेच श्रोते गेले. काउफमान त्याआधीच गेला होता. १९५२ला जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन नेहरूंच्या आमंत्रणावरून भारतात आला, दुष्काळनिधीसाठी त्याने कार्यक्रम केले, मुंबईत मेहली मेहतांची आणि त्याची मैत्री जमली. ते दिवस सणासारखे होते. पण पाहुणा गेल्यावर घरात पुन्हा तीच विवंचना. पैसे कोण देणार?

पोलंडमध्ये रेडिओने दिले होते. आपल्याकडे १९५२ला माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री म्हणून बा. वि. केसकर आले. पुण्याचा हा मराठी माणूस दहा वर्षं त्या खात्यावर होता. त्यांनी रेडिओवरून सिनेमाची गाणी हटवली आणि शास्त्रीय संगीताला मोठा आधार दिला. त्याच वर्षी दिल्लीत आकाशवाणीचा ‘वाद्यवृंद’ स्थापन झाला. रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर यांनी तो घडवला, पुढे बासरीवादक पन्नालाल घोष त्याचे संचालक झाले. सतार, सरोद, बासरी, सारंगी, वीणा यांचा हा मेळ पगारी होता. म्हणजे पगारी वाद्यवृंदाची कल्पना आपल्या सरकारला परकी नव्हती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने आधी आपल्या वाद्यांना आसरा दिला, यात मला काही वावगं दिसत नाही. पण मुंबईत स्वरलिपी वाचणारे, पन्नास-साठ जण एका श्वासात वाजवू शकणारे वादक हाताशी असताना त्यांचं काय करायचं याचा विचार कोणी केला नाही, हे मात्र चुकलं. असं कसब तयार व्हायला दोन-तीन पिढ्या जातात.

१९५४ला अठरा वर्षांचा झुबिन डॉक्टरकीचं शिक्षण सोडून व्हिएन्नाला गेला. १९५५ला मेहली मेहतांनीही मुंबई सोडली आणि ते इंग्लंडात मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले. ज्याने वीस वर्षं स्वतःचा वाद्यवृंद चालवला, त्याने सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या वाद्यवृंदात खुर्ची घेतली, कारण तिथे महिन्याच्या महिन्याला पगार होता. त्याच १९५५ साली, २१ फेब्रुवारीला, वॉर्साने आपल्या फिलहार्मोनिकची उद्ध्वस्त इमारत पुन्हा बांधून उघडली. ही दोन वर्तमानं मी पहिल्यांदा शेजारी-शेजारी ठेवून वाचली, तेव्हा बराच वेळ मला पुढे वाचवेना.

मग ते वादक कुठे गेले? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक मराठी कानाला ठाऊक आहे, फक्त ते उत्तर आहे हे ठाऊक नाही. ते सिनेमात गेले.

मुंबईत १९५०च्या सुमारास दारूबंदी कडक झाली. हॉटेलांतलं रात्रीचं नाचगाणं ओसरलं, तिथल्या बँडची बिदागी आटली. स्टुडिओत मात्र ध्वनिमुद्रण सुधारलं होतं, संगीतकारांना मोठा आवाज हवा होता आणि रोजच्या रोज रोख पैसे मिळत होते. संगीतकार हार्मोनियमवर चाल सुचवायचा. ती ऐकून चाळीस व्हायोलिनांनी काय वाजवायचं, चेलोने कुठे खाली उतरायचं, ट्रंपेटने कुठे उत्तर द्यायचं, हे कागदावर लिहून देणारा अरेंजर असायचा. तो बहुधा गोवेकर असे. रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसूझा वर्षानुवर्षं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची मांडणी करत होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अंतोनियो झेवियर वाझ सी. रामचंद्र यांच्याबरोबर होते. सी. रामचंद्र म्हणजे आपल्याच गोदाकाठच्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. १९५१च्या ‘अलबेला’त त्या दोघांनी जे केलं ते आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. पुणतांब्याची चाल आणि गोव्याचा ट्रंपेट दादरच्या रस्त्यावर भेटले, असं मला त्या गाण्यांबद्दल नेहमी वाटतं.

या माणसांची नावं पडद्यावर येत नसत. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात त्यांनी किती विद्या ओतली आहे हे ऐकणाऱ्याला कळत नसे. त्यांच्यातल्या एकाला हे सोसवलं नाही. आंतोनी गोन्साल्विस. १९२७ साली दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याला जन्मलेला व्हायोलिनवादक, संगीताचा शिक्षक आणि अरेंजर. दिवसभर स्टुडिओत वाजवायचा, आणि हिंदुस्थानी रागांवर सिम्फनी कशी बांधता येईल याचा ध्यास घ्यायचा. १९५८ला त्याने ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभराच्या आसपास वादक बसवले, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला बोलावलं. खर्च बराचसा त्याने स्वतः सोसला. स्टुडिओत मिळवायचं आणि इथे घालायचं. असं फार काळ चालत नाही, कोणाचंच चाललेलं नाही. १९६५ला तो शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, सिराक्यूजला गेला. परत आल्यावर गोव्यातल्या आपल्या गावात शांतपणे राहिला आणि २०१२ला वारला.

त्याचा एक शिष्य होता, ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मांचा मुलगा प्यारेलाल. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला. १९७७ला ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभच्या गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे जे नाव घातलं गेलं, ते प्यारेलालनी गुरूला वाहिलेलं होतं. ते गाणं ऐकून सारा देश हसला, नाचला. आमच्या गल्लीतल्या ऑर्केस्ट्रात ते दर वर्षी व्हायचंच, आणि त्यावर नाचणाऱ्या आम्हा पोरांना वाटायचं की हे कोणाचं तरी गमतीने घेतलेलं नाव आहे. तो खरा माणूस होता. ते गाणं गाजलं तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता आणि त्याचा वाद्यवृंद कधीच बंद पडला होता.

इथे पोलंडचा आणखी एक धागा येऊन मिळतो. चेंस्तोखोवा या पोलिश शहरात १८८२ला जन्मलेला ब्रॉनिस्लाव हुबरमान हा त्या काळातला जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक. नाझींनी यहुदी वादकांना युरोपातल्या वाद्यवृंदांमधून हाकलायला सुरुवात केली तेव्हा त्याने स्वतःच्या मैफली बाजूला ठेवून देशोदेशी फिरून पैसा जमवला, परवाने मिळवले, सत्तरएक वादकांना कुटुंबांसह पॅलेस्टाइनला नेलं. २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीवमध्ये तोस्कानिनीच्या संचालनाखाली त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्या एका वाद्यवृंदामुळे सुमारे हजार माणसं गॅस चेंबरपासून वाचली. चेंस्तोखोवाच्या फिलहार्मोनिकला आज हुबरमानचं नाव आहे. आणि त्याने उभा केलेला तो वाद्यवृंद, आताचा इस्रायल फिलहार्मोनिक, मुंबईच्या झुबिन मेहताने १९७७पासून २०१९पर्यंत संगीत संचालक म्हणून चालवला. पोलंडच्या मुलाने लावलेलं झाड मुंबईच्या मुलाने चाळीसहून अधिक वर्षं राखलं.

मेहली मेहता १९६४ला लॉस एंजेलिसला स्थिरावले. तिथे त्यांनी तरुण वादकांसाठी ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ काढली आणि ती नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत चालवली. मुंबईत वीस वर्षं जे जमलं नाही ते तिथे जमलं. २००२ला ते गेले.

मुंबईत पुन्हा पूर्ण सिम्फनी वाद्यवृंद उभा राहायला २००६ साल उजाडलं. नरिमन पॉइंटच्या ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ने (एनसीपीए), खुश्रू सनटुक यांच्या पुढाकाराने आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव यांच्या साथीने, ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ काढला. दर्जा उत्तम आहे. २०१५ला झाकीर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘पेशकार’ लिहिला तो याच वाद्यवृंदासाठी. पुढे इंग्लंडच्या दौऱ्यावरही तो वाजला. पण वादकांच्या रांगा पाहिल्या की मन खट्टू होतं. बहुसंख्य वादक परदेशातून येतात, भारतीय मोजके. गोव्याच्या चर्चमधल्या शाळा रोडावल्या, १९८०-९०च्या दशकांत सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या चाळीस व्हायोलिनांचं काम एका माणसाने एका पेटीवर करायला सुरुवात केली. बापाने मुलाच्या हाती व्हायोलिन देणं थांबवलं. एकदा तुटलेली ही साखळी पैसे ओतून लगेच जुळत नाही. एनसीपीएने २०१२पासून लहान मुलांची संगीतशाळा सुरू केली आहे, ही योग्य सुरुवात आहे. तिची फळं दिसायला वीस वर्षं तरी जातील.

२०२३च्या ऑगस्टमध्ये सत्त्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता मुंबईत आले आणि त्यांनी या वाद्यवृंदाचं पहिल्यांदाच संचालन केलं. त्याआधी परदेशी वाद्यवृंद घेऊन ते कितीतरी वेळा मुंबईत आले होते. मुंबईच्याच वाद्यवृंदासमोर, आपल्या वडिलांच्या शहरात उभं राहायला त्यांना जवळजवळ सात दशकं लागली. तिकडे कातोवित्सेत १९३५चा रेडिओ वाद्यवृंद एका जुन्या कोळसाखाणीच्या जागेवर २०१४ला बांधलेल्या, अठराशे आसनांच्या सभागृहात वाजवतो आहे.

मी हे सगळं आपल्या शहरात बसून लिहितो आहे. इथे वेरूळ-अजिंठा महोत्सवात देशातले मोठमोठे कलावंत येतात, दोन-चार रात्री गाजतात आणि कलावंत परत जातात. शाळांमध्ये संगीताची तासिका बहुतेक ठिकाणी वेळापत्रकावरच असते. लग्नांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वाजवणारी माणसं छावणीपासून शहागंजपर्यंत अजून आहेत. मांडवातल्या ऑर्केस्ट्रात उत्तम ढोलकी आणि बासरी वाजवणारी मुलं आहेत, आणि एप्रिल-मे सरला की ती रिक्षा चालवतात, रंगकाम करतात. मुंबईत १९३५ला मेहली मेहतांकडे होती तितकी माणसं आपल्याकडेही मिळतील. त्यांना रोज सकाळी एकत्र बसायला जागा आणि महिन्याकाठी पगार देणारं कोणी नाही.

महापालिकेने, विद्यापीठाने, इथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावं अशी माझी मागणी आहे. भारतीय वाद्यं असोत की पाश्चात्त्य, त्याने फरक पडत नाही. सिम्फनीचे शंभर वादकही आज मागत नाही, आणि शार्ङ्गदेवाचा बत्तीस जणांचा उत्तम वृंदही नको. त्याच्या हिशेबाप्रमाणे मध्यम वृंदाला सोळा माणसं पुरतात. सोळा जणांचा कायमचा पगार या शहराने उचलावा.